चारा शून्य असताना

फळ्यावरची रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या बरीच वर जाऊन टेकली होती. गायींचा रोजचा चारा आणि त्यांचं दूध यांचे ठिपके मांडून आम्ही त्यांच्यामधून ती काढली होती. शेवटच्या बाकावरची प्रज्ञा म्हणाली, "सर, चारा शून्य, तरी दूध दोन लिटर! आमच्या आईला सांगते, उगाच विळा घेऊन बांधावर हिंडते." वर्ग हसला.

मीही हसलो. "अगं, यातली एकही गाय उपाशी नव्हती. जिथे आपण कधी मोजलंच नाही, तिथे ही रेषा नुसती पट्टीच्या जोरावर गेलीय. तिथलं काही खरं मानायचं नाही."

हे मी दरवर्षी शिकवतो, आणि घरी मात्र नेमकं तेच खरं मानत आलो. मी बोलणं कमी करत गेलो, तशी माझ्या बायकोची, सुमनची, माया अगदी थोडीशीच कमी झालेली दिसायची. म्हणून वाटलं, अजिबात नाही बोललो तरी पुरेशी उरेल. संध्याकाळी ती विचारायची, "आज काय झालं कॉलेजात?" मी म्हणायचो, "काही नाही." पुढे तिने विचारणं सोडलं. दिवाळीत भावाकडे गेली, ती परतलीच नाही. भांडणसुद्धा झालं नाही. भांडायला तरी बोलावं लागतं.

"पण खरंच चारा बंद केला तर, सर?" प्रज्ञाने विचारलं.

"आटते गं गाय," मी म्हणालो. "पण एका दिवसात नाही आटत. म्हणून तर आपल्या लक्षात येत नाही."