नॉन-यूएस

ज्यांना मी पुरतं ओळखत नाही, त्यांच्यावर लिहितोय, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या गुढियारी मोहल्ल्यातले कॉम्प्युटरवाले काका मोफत सॉफ्टवेअरच्या सीडी कॉपी करून देत, पण ‘नॉन-यूएस’ नावाचं फोल्डर दरवेळी वगळत. संदेश कुलूपबंद करणारे प्रोग्राम त्यातच होते आणि माझा कॉलेजचा प्रोजेक्ट त्यांच्यावाचून अडला होता.

“काहून, काका?”

“अमेरिकेबाहेरच्यायले मना हाय. मले जेलात धाडून राहिला का, पोट्ट्या?” म्हणत ते स्क्रीन भिंतीकडे वळवत.

मग स्वतःजवळ कशाला ठेवलंय? मला संशय येई.

शेवटी मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाच मेल केला. उत्तर मी काकांना वाचून दाखवलं: अमेरिकेतून असे प्रोग्राम बाहेर पाठवायला बंदी, म्हणून ते फोल्डर दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर ठेवलेलं, आपल्यासारख्यांसाठीच.

काकांनी आधी रस्त्याकडे पाहिलं.

“हे सांगायले तुले कोनं धाडलं?”