मास्तर दोन, चिठ्ठी एक

समजा, बेचाळीस म्हाताऱ्या माणसांची ताटं वाढायची आहेत आणि कोणाला काय चालत नाही, ते तुमच्या लक्षात राहत नाही. मग तुम्ही जोड्या लावता. डावीकडे नाव, उजवीकडे सूचना. वरून एक जोडी उचलायची, नाव आणि सूचना चिठ्ठीवर उतरवायची, पुढची उचलायची. जोड्या संपल्या की थांबायचं. पीएचपी या संगणकाच्या भाषेत याला फोरइच म्हणतात. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात याला एकोणीस वर्षं चष्मेवाल्या बाई म्हणत.

बाईंचे डोळे अधू झाले, अक्षर ओळीवरून घसरू लागलं, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, आता भाजी निवडायला बसा. बाईंनी भाचीला वेठीला धरलं, दोन महिने शिकल्या आणि चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम स्वतः लिहिला. व्यवस्थापकांनी आठवड्याची मुदत दिली. एकही ताट चुकलं नाही, तर चिठ्ठ्यांचं काम बाईंकडेच, नाहीतर भाजी.

डावीकडे बाईंनी हाकेची नावं टाकली, कारण कागदावरची नावं कोणाच्याच तोंडी नव्हती. कर्नल, तिखट नको. रेडिओआजी, सगळं मऊ. मास्तर, मीठ कमी. पाच दिवस कुठे खुट्ट झालं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी एक गृहस्थ नव्याने दाखल झाले. तेही जन्मभर मास्तरच. बाईंनी यादीच्या तळाशी ओळ वाढवली: मास्तर, साखर नको. दुपारी चिठ्ठ्या मोजल्या. रोजच्यासारख्या बेचाळीस भरल्या. बाई निर्धास्त झाल्या.

दुपारी चारला वाढणाऱ्या ताईंना जुने मास्तर जेवणघरात बसलेले दिसले. पुढ्यात नुसता पाण्याचा पेला.

"चिठ्ठी आली नाही," मास्तर म्हणाले. "म्हटलं, डॉक्टरांनी बंद केलं असेल."

बाईंनी भाचीला फोन लावला. भाचीने यादी वाचून घेतली आणि कपाळाला हात लावल्याचा आवाज फोनमधून ऐकू आला.

"मावशी, एका नावावर दोन माणसं बसवलीस. दुसरा आला की पहिला पुसला जातो."

"मग चुकलं म्हणून सांगत का नाही तो प्रोग्राम?"

"त्याच्या लेखी काही चुकलेलंच नसतं."

बाईंनी तासाभरात डावीकडची सगळी नावं काढून खाटेचे नंबर घातले. नाव आणि सूचना दोन्ही उजवीकडे सरकवली. चिठ्ठ्या त्रेचाळीस निघाल्या. व्यवस्थापकांनी त्या दोनदा मोजल्या आणि मुदत आणखी आठवडाभर वाढवली. ही शिक्षा की बक्षीस, ते त्यांनी सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही.

मग कमी मिठाचं ताट घेऊन बाई स्वतः मास्तरांसमोर जाऊन बसल्या. मास्तर सावकाश जेवत होते. वाढताना आणखी हवं का म्हटलं, तर पुरे म्हणाले.

प्रोग्रामचं एक कळलं होतं, त्याला बोलता येत नव्हतं. बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मास्तर, उद्याही चिठ्ठी आली नसती, तर बोलला असतात का?"