डाव्या विंगेतला आवाज

आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. आयुष्यभर गणित शिकवलं, पण हल्ली डोळ्यांवरचाच चष्मा घरभर शोधतो. तरी भिलाईत विद्यापीठाच्या नाट्यगृहात आम्हा मराठी मंडळींच्या तालमी व्हायच्या, तिथले किस्से पुसले जात नाहीत. एक सांगायला घेतला की दुसरा आपणहून पुढे येतो.

आमचे प्रॉम्प्टर गुणवंतभाऊ, स्टील प्लांटमधून रिटायर. ते कायम उजव्या विंगेत बसायचे. डावीकडे एसीचा जाडजूड डक्ट. तिथे माणूस मावतच नाही.

एका तालमीत दिग्दर्शिका मालतीताई आपली भूमिका करताना स्वतःच अडखळल्या, विंगेतून वाक्य मिळालं, पुढे गेल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, आज डावीकडं काऊन बसले?"

उजवीकडून उत्तर आलं, "मी तं इथं चाय पिऊन राहिलो!"

* * *

नाटकात काम करणाऱ्या, रिसालीत राहणाऱ्या प्रमोदला हे थोतांड वाटलं. तो मुद्दाम वाक्य विसरला. डावीकडे शांतता.

गुणवंतभाऊ म्हणाले, "पाहा! त्याले बराबर समजते, कोन भुलला अन् कोन नाटक करून राहिला!"

सगळे हसलो. डावीकडचं हसणं जरा उशिरा थांबलं. एको असेल.

* * *

मग मालतीताई डक्टजवळ रोज एक कप चहा ठेवू लागल्या. तालीम संपली की कप रिकामा.

मी म्हटलं, "एसीच्या हवेनं वाफ होत असेल."

"हो नं सर," मालतीताई म्हणाल्या, "अन् कप पालथा कोन ठेवते? वाफ?"

* * *

प्रयोगाच्या आधी मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, फार विसरता हल्ली, एकदा डॉक्टरला दाखवू." मी मनाशी ठरवलं, प्रयोगात एकही वाक्य विसरलो नाही, तर जायचं नाही.

विसरलो! समोर भरलेलं नाट्यगृह, रंगमंचावर शेजारी मालतीताई आणि प्रमोद, डोकं कोरं. तेवढ्यात डावीकडून हलक्या आवाजात वाक्य आलं. मी ते म्हटलं.

पडदा पडल्यावर गुणवंतभाऊ घसा धरून आले. फुसफुसत म्हणाले, "माफ करा सर, गळाच बसला. तुमाले वाक्य द्याले गेलो, तं आवाजच निघाला नाई."

कुणाला काही विचारायचा धीर झाला नाही. माझं मलाच आठवलं म्हणावं, तर आवाज ऐकला होता. ऐकला म्हणावं, तर ते विसरण्याहून वाईट!

परवा, इतक्या वर्षांनी, प्रमोदने त्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. तो क्षण मी पुन्हा पुन्हा पाहिला. डावीकडून कसलाही आवाज नाही. वाक्य म्हणण्याआधी मी क्षणभर गप्प उभा आहे.

मग मालतीताई, प्रमोद आणि मी, तिघंही एकदम डावीकडे मान वळवतो.