बसणारे किती?

सौंसर तालुक्यात ज्या ज्या घरी टीव्हीवर माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतात, त्या त्या घरचा टीव्ही माझ्या मोठ्या बाबांनी निवडलेला आहे. आणि तालुक्यात टीव्ही लागतच नाही असं घर शोधायला निघालात तर तेही मोठ्या बाबांचंच सापडेल. हे वाक्य मी पत्रकात ठोकून द्यावं तसं ठोकून दिलंय हे मला कळतं. पण मी गेली काही वर्षं पत्रकंच लिहिते आहे, ‘ग्राहका, पक्कं बिल माग!’ या थाटाची, आणि बाजारच्या दिवशी बसस्टँडवर उभी राहून ती वाटते. पुराव्याशिवाय लिहायची मला सवय नाही.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. आयुष्यभर त्यांनी संत्र्याचे बगीचे पाहिले. आमच्याकडे माल झाडावर असतानाच बगीच्याचा सौदा होतो, आणि झाडांवर किती माल आहे, कसा आहे, हे नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस व्यापाऱ्याला लागतो. तो माणूस मोठे बाबा. आता गुडघ्यांनी बगीचे सोडले, पण नजर रिकामी कशी बसणार? ती टीव्हीकडे वळली. दुकानात शिरलं की पहिल्या रांगेतल्या टीव्हीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. “पोरी, रस्त्याच्या कडेचं झाड मालकानं पाहणाऱ्यासाठीच राखलेलं असते. बगीच्याच्या मधात शिरा लागते,” म्हणतात, आणि थेट मागच्या भिंतीपाशी जातात. तिथं दुकानदार फुलांचा, मधाचा, पोपटांचा तो झगमगीत व्हिडिओ लावून देतो. मोठे बाबा मान हलवतात. “बावा, असा पोपट मी जन्मात पाह्यला नाही. याचा रंग बरोबर हाय का चूक, कसं सांगू? संत्रं दाखव.” मग तो बिचारा मोबाइलवरून कुठलंतरी संत्र्याचं चित्र शोधून पडद्यावर आणतो, आणि मोठे बाबा खिशातून खरं संत्रं काढून पडद्याला भिडवतात. एकदा एकजण म्हणाला, “काका, हा फोर-के हाय.” मोठे बाबा म्हणाले, “असन बावा. पण माह्यं संत्रं यानं आजारी पाडलं.”

बोरगावच्या एका मास्तरीणबाईंना टीव्ही घ्यायचा होता तेव्हा आम्ही तिघं पांढुर्ण्याच्या दुकानात गेलो होतो. दुकानात पाटी होती, ‘सूट! आजचा शेवटचा दिवस!’ पाटीवर धुळीचा थर, कोपरे वळलेले. माझं डोकं फिरलं. आधी किंमत फुगवायची, मग ती खोडायची आणि खोडलेल्या आकड्याला सवलत म्हणायचं, ही उघड उघड लूट आहे, असं मी तिथल्या पोरसवदा विक्रेत्याला चांगली दहा मिनिटं सुनावलं. मोठ्या बाबांनी माझी बाही ओढली. “वं, थांब. तू भाषण देऊन राहिली अन् तो सकाळपासून उभा हाय. त्याले कोणी स्टूल तरी देते का, ते पाह्य आधी.” दुकानातल्या कामगारांना बसायला जागा मिळावी म्हणून पत्रक काढणारी मी, स्टूल शोधायला लागले.

मग त्यांनी मास्तरीणबाईंना तो प्रश्न विचारला, जो ते प्रत्येकाला विचारतात. किती इंची नाही, कोणती कंपनी नाही. “बसणारे किती?”

“सासूबाई, मी, हे अन् दोन पोरी.”

“बस? अजून कोणी येत नाही?”

“शेजारची आजी येते रोज. पण ती आपली दाराजवळ बसते.”

“मंग आजीले मोजा नं! दाराजवळून दिसला पाह्यजे.” आणि स्वतः दुकानाच्या पार कडेला, गुडघे धरत भिंतीला खेटून खाली बसले. तिथून त्यांनी चार टीव्ही नापास केले, कारण बाजूनं बघितलं की चेहरे फिके पडत होते. पाचवा पास झाला. तो सगळ्यात महाग नव्हता आणि सगळ्यात स्वस्तही नव्हता. मास्तरीणबाई अजून सांगतात, आजी आता मालिकेतल्या सासूला नावानिशी शिव्या देते.

पैसा वसूल कशाला म्हणायचं याबद्दल मोठ्या बाबांचं मत ठाम आहे. इंच हे दुकानदाराचं गणित, बसणारे हे घराचं. “एकट्यानं टीव्ही घेणं मतलब एका माणसाच्या रसासाठी अख्खा बगीचा तोडणं.” मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. तेरवी झाली आणि महिन्याभरात त्यांनी घरचा जुना डब्बा टीव्ही लोधीखेड्याच्या भाचीला देऊन टाकला. मुलगा पुण्यात, सून पुण्यात, नातवंडं पुण्यात. तेव्हापासून संध्याकाळी मोठे बाबा ओट्यावर बसतात आणि गल्लीतल्या घराघरांतून येणारे टीव्हीचे आवाज ऐकतात. हा आपण निवडलेला, तोही आपणच निवडलेला. कुठं घर हसलं की हेही थोडं हसतात, कशाला ते माहीत नसताना.

मला हे सहन होत नाही. एकदा मी सरळच बोलले. “मोठे बाबा, तुमचा हिशेबच चुकीचा आहे. एकट्या माणसालाही करमणुकीचा हक्क आहे.”

“हक्क हाय नं. कोण नाही म्हणते?” ते म्हणाले. “पण हसाले आलं तर पाह्यचं कोणाकडे?”



यंदाच्या उन्हाळ्यात मुलाचा फोन आला: सगळे येतोय, आठ दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मोठे बाबा आमच्या दारात. “चल वं, टीव्ही घ्या लागते.”

“कोणाचा?”

नव्या नवरदेवासारखे लाजले. “माह्या घरचा.”

पांढुर्ण्याच्या त्याच दुकानात गेलो. मला वाटलं, आता दिवसभराची निश्चिंती. आज तर संत्र्यांची पिशवीच निघेल. पण मोठे बाबा आत शिरले आणि पहिल्याच रांगेतल्या, दारासमोरच्या, सगळ्यात मोठ्या टीव्हीपुढं थांबले. त्यावर पोपट उडत होते. “हाच,” म्हणाले. त्या पोरसवदा विक्रेत्यालाच राहवलं नाही. “काका, संत्रं नाही काढत का?”

“राहू दे. पोरायले पोपट आवडते.”

घासाघीस नाही, परत फिरणं नाही. पक्कं बिल तेवढं मी मागून घेतलं. येताना छोट्या टेम्पोत मागं बसून, तापल्या पत्र्यावर, त्यांनी ते खोकं सौंसरपर्यंत दोन्ही हातांनी धरून आणलं.

मुलगा आला नाही. कंपनीनं ऐन वेळी सुट्टी नाकारली. कबूल केलेली सुट्टी नाकारणं हा निव्वळ अन्याय आहे आणि त्याविरुद्ध मी कुठंही उभी राहून बोलेन. आता सगळे दिवाळीला येणार आहेत. आणि टीव्ही खोक्यातच आहे. मोठे बाबा तो उघडू देत नाहीत.

“मोठे बाबा, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होते. ती संपत चालली. आत पडदा फुटलेला असला तर?”

“फुटला नाही.”

“न उघडता कसं कळलं?”

“अंदाज.”

“आणि अंदाज चुकला तर?”

“पोरायच्या हातानं उघडू,” एवढंच म्हणाले. “उघडायची मजा त्यायची हाय.”

गेल्या रविवारी मी ठरवूनच गेले. पर्समध्ये कटर होतं. आज खोकं फोडायचं, टीव्ही लावून बघायचा, ते रडले तर रडू द्यायचं. आत गेले तर बैठकीत भिंतीजवळच्या टेबलावर खोकं उभं, आणि समोर सगळी मांडामांड. दोन खुर्च्या, त्यांच्यापुढं सतरंजी, बाजूला खाट, खिडकीजवळ एक स्टूल. मी खुर्चीवर टेकले.

“तिथं नको. ते सूनबाईची हाय.”

सतरंजीकडे सरकले. “तिथं पोरं लोळतीन.”

मी उभीच राहिले, हात पर्सच्या अर्धवट उघडलेल्या चेनवर. मोठ्या बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं खिडकीजवळचं स्टूल पुसलं. “हे तुह्यं.”

मी बसले. ते खोक्यापाशी गेले, दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते माझ्याकडे जरासं वळवलं, मागं सरकून पाहिलं, पुन्हा थोडं वळवलं.

“आता पाह्य. तिथून दिसते का नीट?”

पर्सची चेन मी लावून टाकली. “दिसतं, मोठे बाबा,” म्हटलं. “चांगलं दिसतं.”