आर्मिंदाचा साराबुल्यो

पोंते द लिमा गावात, नदीकाठच्या खाणावळीत आर्मिंदाने उभा जन्म चुलीपाशी काढला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवली. नवरा कामासाठी फ्रान्सला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा ती रडली नाही. "लोणी खाऊन खाऊन जीभ मेली त्याची. आता इथे येऊन करणार काय?" एवढं म्हणून ती कांदा चिरायला लागली. पण तिचा खरा राग होता परदेशी यात्रेकरूंवर. सांतियागोच्या देवळाकडे पायी निघालेली ही मंडळी वसंत लागला की पाठीवर बोचकी घेऊन पुलावरून लंगडत यायची, खाणावळीच्या खुर्च्यांवर मोजे वाळत घालायची आणि विचारायची, "इथलं पारंपरिक काय?"

इथलं पारंपरिक म्हणजे साराबुल्यो. डुकराचं रक्त, उकडून बारीक पिंजलेलं मांस, जिरं, आणि त्यात शिजलेला, चमच्यावरून ओघळणारा भात. ताटात पडला की लगेच खायचा. गप्पा मारत बसलं तर तो सगळा रस्सा पिऊन फुगतो आणि गिलाव्यासारखा घट्ट बसतो. गावातली माणसं ताट येताना दिसलं की बोलणं अर्ध्यावर टाकतात. यात्रेकरू आधी फोटो काढायचे, मग रक्त कशाचं ते विचारायचे, मग तोंडं वाकडी करायचे. एकीने तर वर केचप मागितलं होतं. आर्मिंदाने ती गोष्ट साऱ्या बाजाराला सांगितली, आणि खरं सांगायचं तर बाजारानेही चवीने ऐकली.

खाणावळ तिच्या भावाची; तो वारल्यावर ती त्याच्या मुलाकडे, गास्पारकडे आली. त्याला हिशेब कळायचा, भात कळत नव्हता.

"आत्या, दर रविवारी तू त्या पातेल्याशी झगडतेस आणि निम्मं उरतं. फ्राईज बघ कशा खपतात."

"तळून दिलास तर चिखलसुद्धा खपेल."

"या रविवारी पातेलं रिकामं झालं तर ठेवू. नाहीतर दारातल्या फळ्यावरून त्याचं नाव पुसतो. मग तू फ्राईजच्या कढईपाशी."

 साराबुल्यो गेला तर या घरात आपलं असं काही उरत नाही, हे आर्मिंदाला पक्कं ठाऊक होतं.

नेमका त्या रविवारी निम्मा गाव शेजारच्या खेड्यात जत्रेला गेला. आली ती सगळी बोचकीवाली. वाढणारी झुल्मिरा आत आली. "बाई, खिडकीपाशी चौघांना साराबुल्यो हवाय."

आर्मिंदाने पडद्याआडून पाहिलं. टेबलावर चार फोन. "संपला म्हणून सांग."

"अहो, पातेलं काठोकाठ आहे!"

"फोटो काढून काढून गार करतील मेले. कोंबडी आणि फ्राईज दे त्यांना."

असं दुपारभर चाललं. शेवटी एक टकला म्हातारा आला. त्याने फोन काढला नाही. गळ्याशी रुमाल खोचला आणि चमचा हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसला.

"बाई, हा तर चमचा घेऊन तयार आहे," झुल्मिरा म्हणाली.

आर्मिंदाचा हात भात वाढायच्या डावाकडे गेला. तेवढ्यात टेबलाखाली तिला त्याचे उघडे, फोड आलेले पाय दिसले; म्हणजे हाही यात्रेकरूच. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. म्हातारा फ्राईज खाऊन निघून गेला.

दुपार सरल्यावर गास्पारने झाकण उचललं. भात घट्ट बसला होता. "बघ. कोणाला नको असतो हा."

झुल्मिराने तोंड उघडलं, पण आर्मिंदाने असे डोळे वटारले की ते मिटलं. एक वाक्य पुरलं असतं: मागत होते, मीच दिला नाही. गास्पार हसला असता, चिडला असता, पण फळ्याला हात लावला नसता. ते वाक्य आर्मिंदाच्या जिभेपर्यंत आलं, आणि तरी ती म्हणाली, "या लोकांची लायकीच नाही."

गास्पारने बाहेर जाऊन फळ्यावरचं नाव पुसलं.

"का नाही सांगितलंत?" झुल्मिराला राहवेना. "दुपारभर मागत होते लोक!"

"काय सांगू? त्या लंगड्यांना माझ्या हातचं हवं होतं, असं? माझ्या तोंडाने?"

 आर्मिंदाने बटाट्यांची गोणी पुढे ओढली आणि सोलायला बसली. आता ते तळायचे होते त्याच माणसांसाठी, रोज.