खाडीकाठचा हौद

सोलापुरात माझ्या अंगणाखाली एक हौद आहे आणि त्याचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा माझ्या पदवीचाही नाही. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही दमलेलं, गच्चीवरच्या टाकीपर्यंत न चढणारं. म्हणून ते आधी जमिनीत उतरवायचं आणि मग मोटर लावून वर न्यायचं. पाहुणा आला की मी आधी हौद दाखवतो, मग बसायला सांगतो. झाकण उचलून आत हाक मारतो, आतून हाक परत येते. बायको म्हणते, तुमचं सगळं ऐकून घेणारं घरात तेवढंच एक आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कोकणातले. तीस वर्षं त्यांनी सोलापूरच्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर वडिलांच्या जागेवर, खाडीच्या तोंडाशी, कौलारू घर बांधलं. पहिली काही वर्षं बरी गेली. मग उधाणाचं पाणी, जे पूर्वी माडांच्या पलीकडे थांबायचं, ते बांधावरून अंगणात यायला लागलं. आधी वर्षातून एकदा, नंतर पावसाळ्यातल्या प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेला. विहीर आधी मचूळ झाली, मग खारी. सरकारी माणसं आली, समुद्र चढतोय म्हणाली आणि पाणी कुठवर येईल ते दाखवायला भिंतीवर तांबडी रेघ ओढून गेली. ती रेघ अक्काच्या स्वयंपाकाच्या ओट्याला लागत होती.

अक्काचा फोन आला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आठवड्याला टेम्पोनं मिळत होतं, पण साठवायला जागा नव्हती.

"असंच चाललं तर ऱ्हायचं कसं रे हितं?" ती म्हणाली.

दाजींना घर सोडायचं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनी ते सोडावं असं मलाही वाटत नव्हतं. मे महिन्यात सोलापूर तापलं की मला पळून जायला एक घर लागतं.

मी गेलो. अंगणाच्या मधोमध उभा राहिलो, कमरेला पंचा आवळला आणि पाणी साठवण्याच्या शास्त्रावर असं व्याख्यान दिलं की शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिथल्या गवंड्यानं हळूच सुचवलं की चौथरा बांधून त्यावर टाकी ठेवावी. मी हसलो. पाणी उन्हात ठेवतात का कुठं, असं त्याला विचारलं. खड्डा कमरेइतका झाल्यावर तळ ओलावला, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की छानच झालं, गारवा राहील. झाकणाची शहाबादी फरशी तर मी सोलापुराहून जीपमध्ये घालून नेली होती. दाजी पायरीवर बसून हे सगळं बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, भारावलेत.

हौद झऱ्याच्या पाण्यानं भरला. पौर्णिमेला दुपारी भरती आली. मी लाटांची वाट बघत होतो. पाणी मोरीतून आलं, तुळशीच्या कट्ट्याखालून आलं, कसलाही आवाज न करता हौदाच्या फरशीवर चढलं आणि दोन तास तिथं बसून राहिलं. अक्कानं खालचे डबे वर ठेवले, पाटावर पाय घेऊन बसली आणि वाटाणे सोलत राहिली. दर पंधरवड्याचं काम असल्यासारखं. पाणी ओसरल्यावर मी फरशी दाबून पाहिली आणि जाहीर केलं की झाकण पक्कं आहे, एक थेंब आत गेलेला नाही.

संध्याकाळी अक्कानं चहा दिला. पहिल्या घोटालाच कळलं. पण मला हौदाचा मान राखायचा होता. "वा, झकास चहा झालाय," मी म्हणालो आणि पुढचा घोट घेतला. दाजींनी कप अर्धा रिकामा करून खाली ठेवला.

"मीठ बरोबर हाय का रे?" अक्कानं विचारलं. "का अजून टाकू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही हौद उपसून कोरडा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अर्धा भरलेला. आपोआप भरणारा हौद, सोलापूरच्या माणसाचं जन्माचं स्वप्न! मी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तसाच काठावर बसून राहिलो. उपसून उपसून हात भरून आले होते.

दाजी शेजारी येऊन बसले. "तुमच्याकडे पाणी जमिनीत ठेवतात, कारण जमिनीत पाणी नसतं," ते म्हणाले.

"मग खणताना बोलला का नाहीत?"

"तीस वर्षं पोरांना भरती-ओहोटी शिकवली मी. मला ठाऊक होतं. पण तू इतक्या जोरात बोलत होतास, वाटलं, होईलही. राहायचं होतं ना मला."

मी शहाबादी फरशी ओढून हौदावर घातली.

अक्का दारातून म्हणाली, "आता बास झालं. भरा सामान."

दिवाळीनंतर ती दोघं माझ्या वरच्या खोलीत आली. घर विकायला काढलंय, पण भिंतीवरची रेघ बघून गिऱ्हाईक परत जातं. उन्हाळ्यात दाजी कूलरसमोर पडून असतात आणि अमावास्या-पौर्णिमेला तिकडच्या शेजाऱ्याला फोन लावतात. मी सुट्टीला जाण्याचं नावही काढत नाही.

मागच्या उधाणाला शेजाऱ्याचाच फोन आला. मी उचलला. पाणी उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात गेलं होतं. अक्का भाजी निवडत होती. तिला मी काही न सजवता, आहे तसं सांगितलं.

"किती चढलं?" तिनं विचारलं.

"ओट्याच्या खालच्या कप्प्यापर्यंत."

तिचा हात थांबला. "म्हंजे कप्पा भिजला."

"अक्का, कप्प्यात आता काय हाय? सगळं आणलंय की आपण."

"कागद हाय," ती म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी नवा अंथरला होता मी."