शेवटचं कडवं

ज्यांचं नाव विचारायचा धीर मला झाला नाही, त्यांच्याबद्दल लिहितोय, माफ करा. नवीन जालन्यात ते रिक्षा चालवायचे. त्यांनी रचलेलं, गायलेलं एक गाणं जिल्हाभर वरातींत वाजायचं. वरात दिसली की ते रिक्षा बाजूला घेऊन गाणं संपेपर्यंत ऐकायचे.

“मामा, जल्दी चला, माझा पेपर हाये.”

“थांब रे. शेवटच्या कडव्यात माझं नाव येतं.”

पण डीजेवाल्यांनी ते कडवं केव्हाच कापलं होतं. “आज बी न्हाई,” म्हणत ते रिक्षा चालू करायचे.

परवा स्टँडवर दुसऱ्या रिक्षावाल्याकडून कळलं, मामा गेले. अंत्ययात्रेत त्यांचंच गाणं लावलं होतं.

“पूर्ण लावलं का?” मी विचारलं.

“न्हाई. डीजेवाल्याकडं हाये तेवढंच.”